तीन प्रती, एकच माल : बिल ऑफ लेडिंगची गोष्ट

हुंडीवरचा भाग झाल्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, फक्त शब्द वेगवेगळे. पैसा कागदावर बसून एका गावाहून दुसऱ्या गावी कसा जायचा ते कळलं. पण मालाचं काय? माल तर गलबतातच भरावा लागतो. मग चार-चार महिने समुद्रावर असलेल्या मालाचा मालक नक्की कोण? आणि तो मधल्या काळात विकायचा झाला तर विकणारा गिऱ्हाइकाच्या हातात काय ठेवतो?

त्या हातात ठेवायच्या कागदाचं नाव बिल ऑफ लेडिंग. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. पुस्तकी प्रतिशब्द सुचवता येतील, पण न्हावा शेव्याला कुणालाही विचारा, तो 'बीएल'च म्हणेल. 'बीएल आला का?', 'बीएल अजून बँकेतच आहे', 'बीएल सुटल्याशिवाय डीओ मिळणार नाही.' मीही आज बीएलच म्हणणार आहे.

दिसायला अगदी साधा कागद. माल पाठवणारा कोण, घेणारा कोण, जहाजाचं नाव, कुठल्या बंदरातून कुठल्या बंदरात, किती नग, त्यांच्यावर खुणा काय, वजन किती, भाडं भरलंय की पोचल्यावर भरायचंय, तारीख आणि सही. मागच्या बाजूला भिंगाशिवाय वाचता येणार नाहीत अशा बारीक अक्षरांत अटी. आता हा कागद एकाच वेळी तीन कामं करतो. माल जहाजवाल्याच्या ताब्यात आला याची तो पावती आहे. माल कसा न्यायचा याबद्दल जो करार झाला त्याचा तो पुरावा आहे. आणि तिसरं काम सगळ्यात विलक्षण. हा कागद ज्याच्या हातात, त्याने माल मागायचा, आणि जहाजवाल्याने त्यालाच द्यायचा. म्हणजे कागद विकला की माल विकला गेला. पहिली दोन कामं कुठलीही बरी पावती करेल. तिसरं काम या कागदाला कुणी दिलं, हाच आजचा खरा विषय.

थोडं मागं जाऊया. सुरुवातीला या कागदाची गरजच नव्हती, कारण व्यापारी मालाबरोबर स्वतः जायचा, नाहीतर आपला माणूस पाठवायचा. बाराव्या शतकात अब्राहम बेन यिजू नावाचा एक ज्यू व्यापारी आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, मंगळूरकडे, बरीच वर्षं राहत होता. त्याची पत्रं कैरोतल्या एका जुन्या सिनेगॉगमधल्या कागदांच्या ढिगात सापडली. त्यांत मिरी, लोखंड, सुपारी असा माल कुणाबरोबर धाडला, त्यातला किती पोचला, कुठल्या जहाजावर काय होतं, असं सगळं लिहिलंय. पण ती पत्रं आहेत बरं का, एका ओळखीच्या माणसाने दुसऱ्या ओळखीच्या माणसाला लिहिलेली. सगळा कारभार विश्वासावर. ते पत्र तिसऱ्याला विकून त्याला माल मिळाला असता का? नाही.

भूमध्य समुद्रात मात्र व्यापार वाढला तशी एक नवी सोय झाली. जहाजावर एक कारकून असायचा आणि त्याच्याकडे एक वही. कुठला माल चढला, कुणाचा, किती, हे तो त्या वहीत लिहायचा. इटलीतल्या ट्रानी शहराच्या जुन्या सागरी नियमांत या कारकुनाचा उल्लेख आहे. पुढे बार्सिलोनाकडच्या सागरी कायद्यांच्या संग्रहात तर त्याच्यासाठी शिक्षाही सांगितलीय. वहीत खोटं लिहिलं तर उजवा हात तोडायचा, कपाळावर डाग द्यायचा आणि मालमत्ता जप्त. आता शिक्षा एवढी भयंकर का? कारण जहाज किनाऱ्यापासून सुटलं की मालाचा पुरावा म्हणून जगात फक्त ती वही उरायची. आणि ती वहीसुद्धा जहाजावरच!

साहजिकच किनाऱ्यावर राहिलेला व्यापारी म्हणणार, बाबा रे, त्या पानाची एक नक्कल मला दे. जहाज बुडालं तर वहीही बुडणार, मी काय दाखवू? चौदाव्या शतकाच्या आसपास अशा नकला देणं सर्रास सुरू झालं. सोळाव्या शतकापर्यंत वही मागे पडली आणि नक्कलच मुख्य दस्तऐवज झाली. कप्तान सही करायचा, एक नव्हे, तीन-चार प्रतींवर. एक प्रत कप्तानाकडे, एक पाठवणाऱ्याकडे, बाकीच्या माल घेणाऱ्याला वेगवेगळ्या जहाजांनी किंवा टपालाने. एक वाट चुकली तर दुसरी पोचेल. एका प्रतीवर माल दिला गेला की उरलेल्या रद्द, असं त्या कागदातच लिहिलेलं असायचं.

जुने इंग्रजी बीएल वाचायला मजा येते. सुरुवात देवाच्या कृपेने माल चांगल्या स्थितीत चढवला अशी, आणि शेवटी देव या जहाजाला इच्छित बंदरी सुखरूप पोचवो, आमेन! आपण पत्राच्या माथ्यावर श्री काढायचो त्यातलाच प्रकार. आणि ही नुसती भाविकता नव्हती हो. कप्तान कबूल करत होता की आपल्या हातात सगळं नाही.

आता आपल्या मुख्य गोष्टीकडे येऊ. साल १७८६. हॉलंडमधलं मिडलबर्ग बंदर. तिथल्या टुरिंग आणि मुलगा या पेढीने रॉटरडॅमच्या फ्रीमन नावाच्या व्यापाऱ्याच्या मागणीवरून धान्य जहाजात भरलं. जहाजाचं नाव एन्डेव्हर, कप्तान होम्स, जायचं लिव्हरपूलला. बीएलच्या चार प्रती झाल्या. दोन प्रतींवर मागे नुसती सही करून, नाव न घालता, त्या फ्रीमनला पाठवल्या. एक टुरिंगने स्वतःकडे ठेवली, एक कप्तानाकडे. फ्रीमनने पैसे मात्र रोख दिले नव्हते, मुदतीची हुंडी स्वीकारली होती.

फ्रीमनने काय केलं? आपल्याकडच्या प्रती लिव्हरपूलच्या लिकबॅरो या पेढीकडे धाडल्या. माल आला की तुम्ही उतरवून विका. आणि त्या भरवशावर त्यांच्यावर ५२० पौंडांच्या हुंड्या काढल्या. लिकबॅरोंनी त्या स्वीकारल्या आणि पुढे प्रामाणिकपणे चुकत्याही केल्या. आणि इकडे टुरिंगचे पैसे देण्याची मुदत यायच्या आतच फ्रीमनचं दिवाळं वाजलं.

आता टुरिंगच्या जागी स्वतःला ठेवून बघा. माल आपला, पैसे मिळालेले नाहीत, गिऱ्हाईक बुडालं, आणि माल अजून वाटेत आहे. वाटेतला माल थांबवायचा हक्क न मिळालेल्या पैशांपायी विकणाऱ्याला होताच. टुरिंगने आपल्याकडची प्रत लिव्हरपूलच्या मेसनकडे पाठवली. मेसनने ती कप्तान होम्सला दाखवली आणि धान्य उतरवून घेतलं. मग लिकबॅरो आले, तेही हातात बीएल घेऊन, तितकंच खरं. माल गेलेला!

दोघंही सज्जन आणि दोघांपैकी एकाला बुडायचंय. लबाडी म्हणावी तर फारशी कुणाचीच नाही, आणि मला वाटतं म्हणूनच हा खटला गाजला. १७८७ साली किंग्ज बेंच कोर्टाने लिकबॅरोच्या बाजूने निकाल दिला. ज्याने कागदावर भरवसा ठेवून पैसे मोजले त्याचं नुकसान होता कामा नये, असा त्याचा रोख. १७९० साली वरच्या कोर्टाने तो फिरवला. बीएल ही हुंडीसारखी हातोहात फिरणारी चीज नाही, ती नुसती मालाची पावती, असं त्यांचं म्हणणं. मग प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये. तिथून १७९३ मध्ये हुकूम आला की पुन्हा खटला चालवा आणि व्यापाऱ्यांची रीत काय आहे ते ज्युरीकडून वदवून घ्या.

१७९४ साली लंडनच्या व्यापाऱ्यांतून निवडलेल्या ज्युरीने सांगितलं : आमच्यात अशी रीत आहे की बीएलवर सही करून तो दुसऱ्याला दिला की त्या मालाची मालकी त्याच्याकडे जाते. झालं. लिकबॅरो जिंकले. म्हणजे या कागदाला ते तिसरं काम ना राजाने दिलं ना पार्लमेंटने. व्यापारी जे आधीपासून करत होते तेच कोर्टाने मान्य केलं. आपल्याकडे पंचांसमोर पेढीवाले 'आमची चाल अशी' म्हणून सांगत, तसंच हे. इंग्रजांचा कायदा म्हणून आपण उगीच दबून जातो, पण त्याच्या पोटात बऱ्याचदा बाजाराची चालच असते.

आपल्याकडेही याच दुखण्यावर एक औषध होतं. गुजरात आणि मुंबईच्या किनारी व्यापारात जोखमी हुंडी नावाचा प्रकार चालायचा. माल गलबतात चढवला की त्या मालावर हुंडी काढायची आणि पैसे उचलायचे. गलबत सुखरूप पोचलं तरच हुंडी देय. बुडालं तर पैसे देणाऱ्याचे गेले. म्हणजे कर्ज आणि विमा एकाच चिठ्ठीत! यावरचे तंटे मुंबई हायकोर्टापर्यंत गेलेत. माझ्या मते ही कल्पना बीएलपेक्षा जास्त हुशारीची होती. पण ती चालायची एकमेकांना ओळखणाऱ्या पेढ्यांच्या जाळ्यात. लिव्हरपूलच्या अनोळखी माणसाला ती दाखवून काही उपयोग नव्हता.

आणि मुंबईचा कापूस तर लिव्हरपूललाच चालला होता. इथे एक गंमत लक्षात घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कापसाच्या गाठी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून जायच्या, चार महिने सहज लागायचे. टपाल मात्र आगबोटीने सुएझपर्यंत, तिथून जमिनीवरून भूमध्य समुद्र गाठून, महिना-सव्वा महिन्यात लंडनला. म्हणजे कागद मालाच्या कितीतरी आधी पोचणार. मधले दोन-तीन महिने कापूस हिंदी महासागरात डुलतोय आणि लिव्हरपूलच्या बाजारात तो विकला जातोय, पुन्हा विकला जातोय, बँकेत गहाण पडतोय. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, ते आपण सगळे शाळेत शिकलो. पण त्या तेजीत बँका गाठी न बघता पैसे देत होत्या ते या कागदाच्या जोरावर, हे शाळेत कुणी सांगत नाही.

गाठी न बघता पैसे द्यायचे म्हटल्यावर पुढचा प्रश्न आलाच. गाठी मुळात चढल्याच नसतील तर? हे खरंच घडलं, आणि कलकत्त्याला घडलं. बेल नावाचं जहाज कलकत्त्याहून लंडनला निघणार होतं. त्याच्या कप्तानाने रेशमाच्या १२ गाठी मिळाल्या म्हणून बीएलवर सही केली. गाठी चढल्याच नव्हत्या. त्या कागदावर ग्रँट नावाच्या व्यापाऱ्यांनी पैसे दिले आणि फसले. १८५१ साली कोर्टाने सांगितलं, जहाजमालक जबाबदार नाही. न चढलेल्या मालाची पावती द्यायचा अधिकार मालकाने कप्तानाला दिलेलाच नव्हता. ऐकायला तर्कशुद्ध. पण ज्याने कागद बघून पैसे मोजले त्याने काय, गोदीवर जाऊन गाठी मोजायच्या होत्या? लंडनमध्ये बसून?

यानंतर १८५५ साली इंग्लंडमध्ये बीएलचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, जवळपास तसाच हिंदुस्थानात. फक्त तीन कलमांचा कायदा. त्याआधी एक विचित्र अडचण होती. बीएल विकत घेतला की माल तुमचा व्हायचा, पण जहाजवाल्याने माल भिजवला तर त्याच्यावर करारभंगाचा दावा लावायला तुम्ही नालायक, कारण करार मूळ पाठवणाऱ्याशी झालेला. नव्या कायद्याने मालाबरोबर दाव्याचा हक्कही पुढे सरकवला. न चढलेल्या मालाबद्दलही थोडी मलमपट्टी केली : ज्याने बीएलवर सही केली त्याच्याविरुद्ध, विश्वासाने पैसे मोजलेल्या माणसाच्या हातातला बीएल हा माल चढल्याचा पक्का पुरावा. पण सही कप्तानाची, आणि कप्तानाकडे कुठून येणार एवढे पैसे!

आणि त्या तीन प्रती? त्यांनी एकदा तरी दगा द्यायचाच होता. जमैकाहून साखर लंडनच्या गोदीत आली. कॉटम नावाच्या व्यापाऱ्याच्या नावावर तीन प्रती. त्याने पहिली प्रत ग्लिन मिल्स बँकेत ठेवून कर्ज काढलं. मग दुसरी प्रत गोदीत दाखवून साखरेवर आपलं नाव लावून घेतलं आणि ती दुसऱ्यांना सोडवून दिली. बँकेच्या हातात राहिला खरा, सही-शिक्क्याचा, निरुपयोगी कागद. बँकेने गोदीवर दावा लावला आणि १८८२ साली हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये ती हरली. गोदीवाल्यांना दुसऱ्या प्रतीबद्दल काही कळवलेलं नव्हतं, एका प्रतीवर माल दिला की त्यांचं काम संपलं. लॉर्ड ब्लॅकबर्न या न्यायाधीशांनी वैतागून म्हटलं होतं की तार आणि आगबोटीच्या काळात व्यापारी अजून तीन-तीन प्रती का काढतात ते मला कळत नाही. मंडळी, आजही तीनच काढतात. म्हणून बँक म्हणते, पूर्ण सेट आणा, तिन्ही ओरिजिनल.

१८८३ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात न्यायमूर्ती बोवेन यांनी बीएलला गोदामाच्या किल्लीची उपमा दिली, मग ते गोदाम जमिनीवर असो की पाण्यावर तरंगणारं. उपमा सुरेख आहे आणि कायद्याचं प्रत्येक पुस्तक ती देतं. माझी शंका एवढीच की तीन किल्ल्या असलेल्या गोदामावर रात्री झोप कशी लागते.

पुढचा इतिहास जरा भरभर सांगतो. जहाज कंपन्या मागच्या बारीक अक्षरांत सगळी जबाबदारी झटकायला लागल्या. अमेरिकेने १८९३ मध्ये त्याला आळा घातला, मग १९२४ मध्ये हेग नियम आले आणि १९२५ मध्ये ते आपल्याकडच्या कायद्यात उतरले. दरम्यान १९१० साली अमेरिकेतल्या अलाबामात नाइट यान्सी नावाची कापूस पेढी बुडाली आणि तिने खोट्या बीएलवर युरोपातल्या बँकांकडून आणि व्यापाऱ्यांकडून पैसे उचलल्याचं उघड झालं. रेशमाच्या बारा गाठींचीच पुनरावृत्ती, फक्त मोठी. १९१६ मध्ये अमेरिकेने त्यावर कायदा केला.

मग आले कंटेनर. सीलबंद पेटीत काय आहे ते जहाजवाला बघत नाही, म्हणून बीएलवर तो लिहितो, 'आत अमुक आहे असं म्हणतात'. आणि त्याहून मोठी उलथापालथ म्हणजे जहाजं वेगवान झाली. दीडशे वर्षांपूर्वी कागद मालाच्या आधी पोचायचा, सगळी व्यवस्था त्यावर उभी होती. आता जवळच्या प्रवासात माल बंदरात येऊन पडतो आणि कागद अजून बँकांच्या टेबलांवर फिरतोय. रोज डेमरेज चढतं. मग पळवाटा निघाल्या. बीएलशिवायच माल सोड, काही झालं तर आम्ही भरपाई देऊ, असं हमीपत्र. किंवा ज्याला 'सरेंडर बीएल' म्हणतात ते : पाठवणाऱ्याने ओरिजिनल प्रती इथेच जहाज कंपनीला परत करायच्या आणि कंपनीने पलीकडच्या बंदराला कळवायचं की कागद न मागता माल द्या. त्याला अजून 'टेलेक्स रिलीज' म्हणतात, टेलेक्स बघितलेला माणूस ऑफिसात उरला नसला तरी.

माझ्या ओळखीचे निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. एका हंगामात त्यांनी थेट युरोपात कंटेनर पाठवला. पलीकडचा खरेदीदार म्हणाला, कुरिअरला उशीर होईल, द्राक्षं नाशवंत, बीएल सरेंडर करून टाका. अण्णांनी केला. माल वेळेत पोचला, खरेदीदाराने उचलला, आणि पंधरा दिवसांनी मेल आली की मण्यांना तडे आहेत, अर्धेच पैसे देतो. अण्णा मला फोनवर म्हणाले, 'अरे, कागद माझ्याकडं असता तर त्यानं फोन तरी उचलला असता.' सगळा लिकबॅरो खटला एका वाक्यात! टुरिंगकडे निदान एक प्रत उरली होती. वाटेतला माल थांबवायचा तर हातात काहीतरी लागतं, आणि सरेंडर केल्यावर हातात काहीच नसतं. हे निर्यात शिकवणाऱ्या वर्गांत सांगतात का, ते मला सांगा. निर्यात करणारे कुणी ऐकत असाल तर कॉमेंटमध्ये जरूर लिहा.

यावर इलेक्ट्रॉनिक बीएल हा उपाय बरीच वर्षं सांगितला जातोय. अडचण तंत्राची कमी, कायद्याची जास्त. कागद एका वेळी एकाच हातात असतो, म्हणून 'ज्याच्या हातात' या शब्दांना अर्थ आहे. फाइलच्या हव्या तेवढ्या नकला निघतात, मग ताबा कुणाचा? ब्रिटनने २०२३ मध्ये कायदा करून अशा दस्तऐवजाचा ताबा घेता येतो असं मान्य केलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये विमानं आणि कुरिअर थांबली, कागद अडकले, माल गोदीत पडून राहिला, तेव्हा अनेकांचे डोळे उघडले होते.

आपल्याकडे १८५६ चा तो तीन कलमांचा कायदा, किरकोळ बदल सोडले तर, १६९ वर्षं चालला. २०२५ मध्ये संसदेने नवा बिल ऑफ लेडिंग कायदा केला. भाषा सोपी केली, गाभा बराचसा तोच ठेवला. न्हावा शेव्याच्या ऑफिसांत त्याने रोजच्या कामात काय फरक पडलाय, हे तिथल्या एका क्लिअरिंग एजंटकडूनच ऐकायचं ठरवलंय. पुढच्या भागात ते आपल्याबरोबर असतील. तोवर नमस्कार.